निर्यातीचा कल पाहून जिरे, धणे आणि बडीशेपची खरेदी कशी करावी

२०२३ च्या पावसाळ्यात जिऱ्याने क्विंटलला ६०,००० रुपयांची पातळी ओलांडली. २०२४ मध्ये नवा माल उतरला आणि भाव निम्म्याच्याही खाली आला. चढ्या भावात घाबरून वर्षभराचा माल भरणाऱ्या मसाला कारखानदारांचे पैसे अडकले. ज्यांच्याकडे चढ सुरू होताना काहीच शिल्लक नव्हती, त्यांना मिळेल त्या भावात आणि मिळेल त्या प्रतीचा माल घ्यावा लागला. हे दोन्ही टाळण्यासाठी निर्यातीकडे लक्ष ठेवणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

निर्यातीचा आकडा भावाआधी प्रतीबद्दल सांगतो, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक खरेदीदारांच्या नजरेतून सुटते. परदेशी मागणी जोरात असली की स्वच्छ, सुगंधी, कीटकनाशकांचे अवशेष नसलेले लॉट आधी उचलले जातात. सॉर्टेक्स मशीनने (रंग पाहून खराब दाणे वेगळे करणारे यंत्र) बाजूला काढलेला माल, मागच्या हंगामाची शिल्लक आणि हलकी प्रत देशात फिरत राहते. त्या दिवसांत बाजारभावाने घेतलेला माल त्या भावाचा असतोच असे नाही. म्हणून 'भाव काय?' याच्या आधी 'चांगला माल कुठे चालला आहे?' हे विचारायला हवे.

आकडे काय सांगतात

भारताची जिऱ्याची निर्यात २०२०-२१ मध्ये जवळपास ३ लाख टन होती. पुढची तीन वर्षे ती घसरत गेली आणि २०२३-२४ मध्ये सुमारे १.६५ लाख टनांवर आली. २०२४-२५ मध्ये भाव उतरल्यावर ती पुन्हा सुमारे २.३ लाख टनांपर्यंत चढली. मसाल्यांच्या एकूण निर्यातीचे मूल्य मात्र याच दोन वर्षांत साधारण ४.४६ अब्ज डॉलरवरून ४.७२ अब्ज डॉलरवर गेले. फक्त डॉलरचा आकडा पाहिला तर जिऱ्याच्या वजनात झालेली उलथापालथ कळतच नाही. खरेदीदाराने आधी टन पाहावेत आणि मग मूल्य. मूल्याला टनांनी भागले की सरासरी निर्यातभाव मिळतो. हा भाव दोन-तीन महिने सलग चढत असेल आणि टनही वाढत असतील, तर मागणी खरी आहे. भाव चढतो आहे पण टन घटत आहेत, तर माल कमी आहे आणि ग्राहक मागे सरकू लागला आहे. अशी तेजी फार टिकत नाही.

२०२३ च्या तेजीमागची कारणे लक्षात ठेवण्यासारखी आहेत, कारण ती पुन्हा जुळून येऊ शकतात. २०२२ च्या रब्बीत धण्याला चांगला भाव होता, म्हणून गुजरातमधल्या बऱ्याच शेतकऱ्यांनी जिऱ्याचे क्षेत्र धण्याकडे वळवले. मार्च २०२३ मध्ये काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला. परिणामी जिरे आभाळाला भिडले आणि धणे पडले. पुढच्या रब्बीत गुजरातमध्ये जिऱ्याचा पेरा जवळपास दुप्पट झाला, आणि मग जिरेही कोसळले. जिरे आणि धणे एकाच शेतकऱ्याच्या एकाच शेतासाठी भांडतात. एकाचा भाव आज उंच असेल, तर पुढच्या नोव्हेंबरात दुसऱ्याचा पेरा घटण्याची शक्यता धरूनच चालावे.

बाहेरच्या जगात तीन ठिकाणांवर नजर हवी. सीरिया आणि तुर्कस्तानचे जिरे जून-जुलैमध्ये येते. २०११ पासूनच्या युद्धात सीरियाचा पुरवठा आटला आणि त्या ग्राहकांचा मोठा हिस्सा भारताकडे आला. चीन भारतीय जिऱ्याचा फार मोठा ग्राहक आहे, पण शिनजियांगमध्ये तो स्वतःही जिरे पिकवतो. तिथले पीक चांगले आले की जूननंतर चीनची खरेदी मंदावते. बांगलादेश आणि आखाती देशांची मागणी सणांशी बांधलेली आहे, आणि इथे एक बदल झाला आहे. रमजान दरवर्षी १०-११ दिवस आधी सरकतो. २०२३ मध्ये तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सुरू झाला, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यानंतर लगेच. त्यासाठीचा माल महिना-दीड महिना आधी जहाजावर चढावा लागतो. म्हणजे ही खरेदी आता नव्या पिकाच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत, जुन्या शिलकी मालातून होते. ज्या महिन्यांत पूर्वी बाजार थंड असायचा, तिथे आता छोटी तेजी येऊ शकते. फेब्रुवारीपर्यंत पुरेल एवढा साठा नोव्हेंबरातच हाताशी ठेवणे त्यामुळे शहाणपणाचे ठरते.

पायरी पहिली: साप्ताहिक वही ठेवा

एका वहीत किंवा एक्सेलमध्ये दर सोमवारी पाच गोष्टी लिहा: गुजरातमधल्या उंझा या जिऱ्याच्या मुख्य बाजारपेठेतला हजर भाव (समोरच्या मालाचा आजचा भाव), त्या आठवड्याची रोजची सरासरी आवक, एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारातला जवळच्या महिन्याचा वायदा (पुढच्या तारखेच्या सौद्याचा भाव), डॉलरचा दर आणि निर्यातदाराकडून मिळालेला एफओबी भाव (माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च धरून सांगितलेला भाव). ऑक्टोबर ते जानेवारी यात गुजरातच्या कृषी खात्याचे पेऱ्याचे साप्ताहिक आकडेही जोडा. मासिक निर्यातीचा आकडा वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर वस्तूच्या कोडनुसार मिळतो. अख्ख्या धण्यांसाठी ०९०९२१, अख्ख्या जिऱ्यासाठी ०९०९३१ आणि बडीशेप ज्या गटात येते त्या अख्ख्या मालासाठी ०९०९६१ हा सहा आकडी कोड आहे. हा आकडा उशिरा येतो, म्हणून त्याचा उपयोग दिशा तपासण्यासाठी करावा, रोजच्या सौद्यासाठी नाही.

एककांत घोटाळा सहज होतो. उंझात भाव २० किलोच्या मणाला बोलतात, वायदा क्विंटलला असतो आणि परदेशी भाव टनाला डॉलरमध्ये. आवक पोत्यांत मोजतात: जिऱ्याचे पोते साधारण ५५ किलोचे, धण्याचे ४० किलोचे. दहा हजार पोती धणे आणि दहा हजार पोती जिरे यांत दीडशे टनांचा फरक पडतो. सगळे आकडे रुपये प्रति किलो आणि टनांत बदलूनच वहीत लिहा.

पायरी दुसरी: निर्यातीला परवडणारा भाव काढा

हा हिशेब पाच मिनिटांचा आहे, आणि भाव तळाला आहे की अजून उतरेल हे त्यावरून बऱ्यापैकी कळते. समजा, जिऱ्याचा एफओबी भाव टनाला २,८०० डॉलर आहे आणि डॉलर ८५ रुपयांना. म्हणजे बंदरात माल किलोला २३८ रुपयांना विकला जातो. त्यातून खर्च वजा करा: सफाई, सॉर्टेक्स आणि त्यातली घट ६ रुपये, पोते आणि भराई २ रुपये, मुंद्रा बंदरापर्यंतचे भाडे ३ रुपये, बंदर आणि कागदपत्रे २ रुपये, व्याज आणि निर्यातदाराचा नफा ४ रुपये. एकूण १७ रुपये. उरले २२१ रुपये किलो, म्हणजे मणाला ४,४२०. (हे आकडे पद्धत समजण्यासाठी आहेत. स्वतःच्या वहीतले घाला.)

बाजारात मणाचा भाव ४,२५० असेल तर प्रत्येक निर्यातदाराला घेणे परवडते. तो घेईलच, आणि भाव फार खाली जाणार नाही. अशा वेळी पुढच्या तीन-चार महिन्यांचा माल उचलायला हरकत नाही. भाव ४,७०० असेल तर निर्यात थंडावते आणि बाजार देशी मागणी किंवा साठेबाजीवर उभा आहे असे समजावे. तेव्हा गरजेपुरतेच घ्या. २०२३ मध्ये भारतीय जिरे इतके महागले की परदेशी ग्राहक मागे हटले. टनांचा आकडा पडला तो त्यामुळेच.

पायरी तिसरी: खरेदीचे महिने वाटून घ्या

जिरे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरात पेरतात, आणि पीक साधारण ११०-१२० दिवसांचे असते. गुजरातचा माल फेब्रुवारीत दिसू लागतो. राजस्थानातला, म्हणजे जोधपूर, नागौर, बाडमेर, जालोरकडचा, मार्च-एप्रिलमध्ये. डिसेंबर-जानेवारीत ढगाळ, दमट हवा राहिली तर करपा आणि भुरी येते. मर रोग जमिनीतून येतो. काढणीच्या वेळचा पाऊस दाणा काळवंडवतो. या चार बातम्या सोडून बाकी अफवांकडे फार लक्ष देऊ नये.

वर्षाच्या गरजेचे भाग असे करावेत: ४० टक्के मार्च-एप्रिलमध्ये, २५ टक्के मे-जूनमध्ये, २० टक्के ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये (चीन, सीरिया आणि तुर्कस्तानचे पीक कळल्यावर) आणि १५ टक्के नोव्हेंबरमध्ये. मार्चअखेरीला हिशेबासाठी उंझाचा बाजार काही दिवस बंद असतो. त्याआधीच्या आठवड्यात आवक फुगते आणि उघडल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत भाव चंचल राहतो, त्या दोन-तीन दिवसांत मोठा सौदा टाळा. पहिल्या फेब्रुवारी मालात ओल जास्त असते. साठवणीसाठी मार्चच्या मध्यानंतरचा, नीट वाळलेला माल घ्यावा.

पायरी चौथी: प्रतीची नावे समजून घ्या, पण नावावर विसंबू नका

जिऱ्यात 'सिंगापूर ९९ टक्के' आणि 'युरोप ९९.५ टक्के' हे शब्द सतत कानावर पडतात. त्यांचा अर्थ फक्त शुद्धतेचा आहे: १०० ग्रॅममध्ये काडी, माती, इतर बिया किती. सुगंध, वय, कीटकनाशकाचे अवशेष यांबद्दल ती नावे काहीच सांगत नाहीत. धण्यात ईगल, स्कूटर, सिंगल पॅरट, डबल पॅरट ही नावे रंगावर आणि दाण्यावर आहेत. डबल पॅरट सर्वांत हिरवा आणि महाग. बदामी म्हणजे पिकून तपकिरी झालेला. वाटून मसाला करायचा असेल तर हिरव्या रंगासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही, बदामी किंवा ईगल पुरतो. हिरवेपणा टिकवण्यासाठी काही ठिकाणी धण्याला गंधकाची धुरी देतात. पोते उघडताच नाकाला झोंबणारा वास आला तर तो लॉट सोडा.

धण्याच्या बाबतीत निर्यातीचे चित्र वेगळे आहे. आपला दाणा मोठा आणि लांबट, त्यात तेल साधारण ०.२ ते ०.४ टक्के. रशिया, बल्गेरियाकडचा दाणा बारीक, पण तेल त्याच्या कितीतरी पट. म्हणून तेल काढणारा परदेशी ग्राहक तिकडे जातो आणि मसाला करणारा आपल्याकडे येतो. भारत स्वतःही तिकडून धणे आणतो. रामगंज मंडी, गोंडल किंवा कुंभराजच्या बाजारात भाव फार चढले की ही आयात वाढते आणि तेजीला लगाम बसतो. धण्याच्या कंटेनरमध्ये वजन कमी बसते, म्हणून जहाजभाडे वाढले की धण्याच्या निर्यातीला जिऱ्याहून आधी फटका बसतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राऐवजी आफ्रिकेला वळसा घालून जहाजे जाऊ लागली, तेव्हा युरोपचे भाडे आणि दिवस दोन्ही वाढले.

बडीशेपेत लखनवी म्हणजे कोवळेपणीच तोडून सावलीत वाळवलेली बारीक हिरवी. ती मुखवासासाठी. मसाल्याला जाड, पूर्ण पिकलेली बडीशेप घ्यावी, तिचा रंग फिका असला तरी चालतो. ओव्यासाठी जामनगर आणि नीमच, मेथीसाठी नीमचचा पट्टा पाहावा.

पायरी पाचवी: नमुना हातात घ्या

४०० पोत्यांचा लॉट असेल तर २० पोत्यांतून नमुना घ्या. नियम सोपा आहे: पोत्यांच्या संख्येचे वर्गमूळ. परखी (नमुना काढायची टोकदार नळी) पोत्याच्या तोंडाशी नको, मध्यापर्यंत आणि तळाशी खुपसा. वरच्या थरात नेहमी चांगला माल असतो. सगळे एकत्र करा, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा, असे करत शेवटी अर्ध्या किलोचे तीन नमुने बांधा. एक विकणाऱ्याला, एक तुम्हाला, एक प्रयोगशाळेला. तिन्हींवर लॉट क्रमांक, तारीख आणि दोघांच्या सह्या.

आता १०० ग्रॅम जिरे पांढऱ्या कागदावर पसरा आणि चिमट्याने वेगळे करा: काडी, माती-खडे, मोडके दाणे, इतर बिया, किडलेले दाणे. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर प्रत्येक ढीग तोला. एकूण परके पदार्थ अर्धा ग्रॅम भरले तर ०.५ टक्के, अमेरिकी मसाला व्यापार संघटनेच्या मर्यादेच्या काठावर. इतर बियांकडे जास्त निरखून पाहा. जीरी नावाचे इसबगोलच्या कुळातले तण जिऱ्यातच उगवते आणि त्याची बी पटकन दिसून येत नाही. भुरुंडीसारख्या हेलिओट्रोपियम वर्गातल्या तणांच्या बिया त्याहून त्रासदायक, कारण त्यांतून पायरोलिझिडीन अल्कलॉइड ही यकृताला घातक विषारी द्रव्ये येतात. युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून जिऱ्यात त्यांची मर्यादा किलोला ४०० मायक्रोग्रॅम केली. टनभर जिऱ्यात मूठभर तणबीसुद्धा ती मर्यादा ओलांडायला पुरू शकते. मोहरीचे दाणे दिसले तर तेही लिहून ठेवा. युरोपात मोहरी ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे.

एक मूठ जिरे ग्लासभर पाण्यात टाकून ढवळा. गवताच्या बियांना गूळ आणि दगडाची भुकटी चोळून केलेले बनावट जिरे सापडले आहे. ते पाण्यात विरघळून तपकिरी गाळ सोडते, खरे जिरे आपला आकार ठेवते. मग थोडे दाणे तळहातावर चोळा. चोळताच उग्र वास यायला हवा. वास मंद असेल तर माल जुना आहे किंवा त्यातून आधीच तेल काढून घेतले आहे.

ओलाव्याच्या चाचणीत मोठी चूक होते. हॅलोजन दिव्याचा छोटा ओलावामापक जिऱ्याचे तेलही उडवतो आणि ते पाणी म्हणून मोजतो, त्यामुळे आकडा जास्त दिसतो. वादाचा प्रसंग आला तर टोल्युइन डिस्टिलेशनचा (तेल न धरता फक्त पाणी मोजणाऱ्या प्रयोगशाळेतल्या पद्धतीचा) आकडाच ग्राह्य धरावा, आणि हे करारात आधीच लिहावे. तेलासाठी क्लेव्हेंजर चाचणी, म्हणजे मसाला पाण्यात उकळून वाफेबरोबर निघालेले तेल मोजणे. दाणा चाचणीच्या अगदी आधी दळायला हवा, नाहीतर तेल कमी निघते.

मग भावाची तुलना करा. पहिला लॉट २२० रुपये किलो, शुद्धता ९८ टक्के, ओलावा १० टक्के, तेल २.२ टक्के. दुसरा २२६ रुपये, शुद्धता ९९.५, ओलावा ८, तेल २.८. कोरड्या, स्वच्छ जिऱ्याच्या हिशेबाने पहिला ०.९८ × ०.९० = ०.८८२, म्हणजे सुमारे २४९.४० रुपये किलो. दुसरा ०.९९५ × ०.९२ = ०.९१५४, म्हणजे सुमारे २४६.९० रुपये. सहा रुपयांनी महाग दिसणारा लॉट प्रत्यक्षात अडीच रुपयांनी स्वस्त आहे. सुगंधाचा हिशेब धरला तर अंतर आणखी वाढते: पहिल्यात तेलाचा एक मिलीलिटर १० रुपयांना पडतो, दुसऱ्यात सुमारे ८ रुपयांना.

पायरी सहावी: अवशेषांची तपासणी कुठल्या बाजारासाठी हे ठरवा

गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल इथे आहे. जंतुनाशक म्हणून वापरल्या जाणाऱ्या इथिलीन ऑक्साइड वायूची युरोपातली मर्यादा मसाल्यांत किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि त्यापासून बनणारे २-क्लोरोइथॅनॉलही त्यात मोजले जाते. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने भारतीय मसाल्यांच्या काही पाकिटांवर याच कारणाने कारवाई केली. त्यानंतर भारत सरकारच्या मसाला मंडळाने या दोन ठिकाणी जाणाऱ्या मालासाठी चाचणी सक्तीची केली. पर्याय वाफेने निर्जंतुकीकरणाचा आहे. त्यात थोडे तेल जाते आणि रंग किंचित गडद होतो, म्हणून तेलाची चाचणी वाफेनंतरच्या मालाचीही करावी. साल्मोनेला हा रोगकारक जीवाणू २५ ग्रॅममध्ये अजिबात नको. शिसे युरोपात बियांच्या मसाल्यांसाठी किलोला ०.९ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

कीटकनाशकांच्या बाबतीत भारताची मर्यादा आणि युरोपची मर्यादा एक नाही. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा नाही त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणून 'चाचणी पास' या दोन शब्दांना अर्थ नाही. कोणत्या देशाच्या यादीनुसार, किती औषधांसाठी, कोणत्या लॉटवर, हे अहवालात दिसले पाहिजे. क्लोरपायरीफॉस, कार्बेन्डाझिम, थायामेथॉक्झाम ही नावे अहवालात आहेत का ते आधी पाहा. निर्यातीसाठी घेत असाल तर चाचणी सफाईनंतरच्या, अंतिम पोत्यांत भरलेल्या मालाची करा. दोन शेतांचा माल मिसळला की एका शेताचा अवशेष सगळ्या लॉटला लागतो.

मेथीबद्दल एक इशारा. २०११ मध्ये जर्मनी आणि फ्रान्समध्ये ई. कोलायची साथ इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांशी जोडली गेली. तेव्हापासून मोड आणण्यासाठीच्या बियांचे नियम कडक आहेत. मसाल्याची मेथी मोडासाठी कधीही विकू नये.

पायरी सातवी: सौदा कागदावर आणा

फोनवरचा सौदा त्याच दिवशी लेखी पाठवा. त्यात पीकवर्ष (हे सर्वांत जास्त विसरले जाते), मूळ भाग, शुद्धता, ओलावा आणि तो मोजण्याची पद्धत, किमान तेल, धण्यात फुटक्या दाण्यांची टक्केवारी, अवशेषांची मर्यादा कोणत्या देशाची, पोत्याचे वजन, वजन कुठे धरायचे, चाचणीचा खर्च कोणाचा, आणि नमुन्याहून माल कमी निघाला तर किती कपात किंवा परत, हे सगळे असावे. निर्यातदाराकडून घेत असाल तर त्याची मसाला मंडळाची नोंदणी पाहा. मोठा साठा असेल तर त्याचा काही भाग वायद्यात झाकता येतो, म्हणजे वायद्यात विकून भाव पडण्याचा धोका कमी करता येतो. जिऱ्याचा मुख्य करार ३ टनांचा आहे, पण मार्जिनसाठी (वायद्यात भरावी लागणारी अनामत) रोख बाजूला नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

माल आला की पोती थेट जमिनीवर नकोत. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड-दोन फूट दूर रचा. पावसाळ्यात ओलावा वाढला की बुरशी आणि कीड दोन्ही सुरू होतात. धण्यात आणि बडीशेपेत लहान तपकिरी भुंगेरे लागतात, त्यांचा पहिला पुरावा म्हणजे पोत्याच्या तळाशी साचलेले पिवळसर पीठ. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी फक्त परवानाधारकाकडूनच करून घ्या. बडीशेप उजेडात ठेवली तर काही आठवड्यांतच फिकी पडते, तिच्यावर गडद ताडपत्री हवी. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक थप्पीतले एक पोते उघडा, तळापर्यंत हात घाला. आत ऊब जाणवली तर ती थप्पी त्याच दिवशी मोडून माल वाऱ्यावर पसरा.